‘पिनोकिओ’चा हिशोब : एका पडलेल्या चित्रपटाची पन्नास वर्षांची कमाई

आजचा विषय तसा हलकाफुलका वाटेल. लाकडाचा बाहुला, त्याचं लांब होणारं नाक, आणि कानाशी बसून सल्ले देणारा एक रातकिडा. पण मला आज बोलायचंय ते या चित्रपटाच्या जमाखर्चाबद्दल. एखादा चित्रपट ‘पडला’ किंवा ‘चालला’ असं आपण पटकन म्हणतो. कधीपर्यंतचा हिशोब धरून म्हणतो, हे मात्र कोणी विचारत नाही. वॉल्ट डिस्नेचा ‘पिनोकिओ’ १९४० साली पडला, आणि १९८५ साली त्याच चित्रपटानं एका कंपनीचा धंदा करायची रीत बदलली. मधल्या पंचेचाळीस वर्षांत काय झालं, ते क्रमानं पाहू.

सुरुवात १९३७ पासून करावी लागेल. त्या वर्षीच्या डिसेंबरात ‘स्नो व्हाइट’ आला. सुमारे १५ लाख डॉलर खर्चून केलेला हा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट. हॉलिवुडात लोक त्याला ‘डिस्नेचा वेडेपणा’ म्हणत होते. त्या वेड्या चित्रपटानं पहिल्याच फेरीत सुमारे ८० लाख डॉलर आणले. मंदीच्या काळात ही रक्कम म्हणजे काय होती, याची कल्पना करा. डिस्नेनं कर्ज फेडलं, बरबँकला नवा स्टुडिओ बांधायला घेतला, माणसं भरती केली, आणि पुढचे चित्रपट ‘स्नो व्हाइट’पेक्षा सरस व्हायला हवेत असा हट्ट धरला.

‘पिनोकिओ’ हा त्या हट्टाचा पहिला परिणाम. कार्लो कोल्लोदी या इटालियन लेखकाची ही गोष्ट १८८१ ते १८८३ या काळात मुलांच्या एका साप्ताहिकात क्रमशः छापून आली होती. मूळ गोष्ट चांगलीच कडक आहे, बाहुला त्यात उद्धट आणि खोडकर आहे. डिस्नेच्या चित्रकारांनी काम सुरू केलं, आणि १९३८ मध्ये काही महिन्यांचं काम झाल्यावर वॉल्टनं ते थांबवलं. बाहुला फार लाकडी दिसतोय, त्याच्याबद्दल माया वाटत नाही, असं त्याचं म्हणणं. मग मिल्ट काल या तरुण चित्रकारानं तो लहान मुलासारखा काढून दाखवला, आणि वॉर्ड किंबलनं जिमिनी क्रिकेट उभा केला. आधी काढलेली चित्रं बाद झाली. त्यात पाण्याची दृश्यं, देवमाशाचा पाठलाग, मल्टिप्लेन कॅमेऱ्यानं टिपलेलं गाव. या कॅमेऱ्यात काचांवर रंगवलेली चित्रं एकाखाली एक ठेवून खोलीचा भास करतात, आणि त्यातलं प्रत्येक सेकंद महागात पडतं. एकूण खर्च गेला सुमारे २६ लाख डॉलरवर.

७ फेब्रुवारी १९४० ला न्यू यॉर्कमध्ये पहिला खेळ झाला. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. पुढे गाणं आणि संगीत अशी दोन ऑस्करही मिळाली. पैसे मात्र आले नाहीत.

का नाही आले? डिस्नेच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग परदेशातून येत असे. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात युद्ध पेटलं. एप्रिल १९४० मध्ये डेन्मार्क-नॉर्वे गेले, जूनमध्ये फ्रान्स पडला. जर्मनी, इटली, पोलंड हे बाजार तर आधीच बंद होते. ब्रिटनमध्ये खेळ होत, पण युद्धामुळे चलन देशाबाहेर नेण्यावर बंधनं आली होती. ‘स्नो व्हाइट’ कितीतरी भाषांत गेला होता. ‘पिनोकिओ’चं भाषांतर त्या वेळी झालं फक्त स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये, कारण दक्षिण अमेरिका तेवढी उघडी होती. २६ लाखांचा खर्च एकट्या अमेरिकेच्या तिकीटबारीवर भरून येणं शक्यच नव्हतं.

इथं एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल. तिकीटबारीवर जमलेला सगळा गल्ला निर्मात्याचा नसतो. थिएटरवाला आपला वाटा ठेवतो, मग वितरक ठेवतो, उरलेलं निर्मात्याकडे येतं. डिस्नेचा वितरक त्या वेळी आरकेओ ही कंपनी होती. म्हणजे पडद्यावर गर्दी दिसली तरी स्टुडिओच्या गल्ल्यात पोचेपर्यंत रुपयाचे आठ आणे होत.

या तोट्याचा फटका कोणाला बसला? एप्रिल १९४० मध्ये डिस्नेला पहिल्यांदा लोकांना शेअर विकावे लागले. नोव्हेंबरात ‘फँटेशिया’ आला, तोही महागडा, त्यानंही खर्च काढला नाही. मग कपात सुरू झाली. ‘स्नो व्हाइट’साठी रात्रंदिवस खपलेल्या माणसांना बोनसची आशा होती; त्यांच्या हातात नोकरकपातीची भीती आली. ‘पिनोकिओ’मधला म्हातारा जेपेट्टो ज्यानं पडद्यावर जिवंत केला, तो आर्ट बॅबिट हा स्टुडिओतल्या सर्वांत जास्त पगार घेणाऱ्यांपैकी एक. तो युनियनच्या बाजूनं उभा राहिला. मे १९४१ च्या अखेरीस त्याला काढून टाकलं, आणि २९ मे रोजी स्टुडिओत संप झाला. हा संप कित्येक आठवडे चालला. तोपर्यंत एका कुटुंबासारखा चालणारा स्टुडिओ त्यानंतर तसा राहिला नाही. संपाची कारणं अनेक होती. पण तिजोरी रिकामी नसती तर तो इतका कडवट झाला असता का, असा प्रश्न पडतोच.

आता गोष्टीला वळण मिळतं. युद्धाच्या काळात स्टुडिओकडे नवा चित्रपट करायला पैसा नव्हता. १९४४ मध्ये त्यांनी जुना ‘स्नो व्हाइट’ पुन्हा थिएटरात लावला, आणि तो चालला. पुढच्याच वर्षी ‘पिनोकिओ’ लावला. हळूहळू नियम ठरला : साधारण सात-आठ वर्षांनी जुना चित्रपट परत आणायचा. कारण साधं आहे. तेवढ्या काळात लहान मुलांची एक नवी पिढी तयार होते, जिनं तो पाहिलेला नाही. आणि पाहिलेले तोवर आई-बाप होऊ लागतात. ‘पिनोकिओ’ १९४५ नंतर १९५४, १९६२, १९७१, १९७८ आणि १९८४ असा परत परत आला. आपल्याकडेही जुने चित्रपट मॅटिनीला वर्षानुवर्षं लागत, पण ती थिएटरवाल्याची सोय होती. इथं निर्माता स्वतः वेळापत्रक आखत होता.

हिशोब बघा. चित्रं काढून झालीत, संगीत भरून झालंय, सगळा खर्च केव्हाच खाती टाकलेला. आता खर्च फक्त नव्या प्रिंटांचा आणि जाहिरातीचा. शिवाय १९५३ मध्ये डिस्नेनं बुएना व्हिस्टा ही स्वतःची वितरण कंपनी काढली, म्हणजे आरकेओचा वाटाही पुढे घरातच राहू लागला. तोट्यातला चित्रपट म्हणजे कंपनीची मुदत ठेव झाली. १९८४ च्या नाताळातल्या फेरीत ‘पिनोकिओ’नं अमेरिकेत दोन कोटी डॉलरहून जास्त गल्ला केला. ४४ वर्षांचा चित्रपट!

या मुदत ठेवीला एक अट होती. चित्रपट मधल्या काळात कुणाला दिसता कामा नये. म्हणून १९७५ मध्ये सोनीनं घरी टीव्हीवरचं मुद्रण करणारं बीटामॅक्स यंत्र आणलं, तेव्हा डिस्ने घाबरली. १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी मिळून सोनीवर खटला भरला. तो चालला जानेवारी १९८४ पर्यंत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूनं निकाल दिला : पुढे सवडीनं पाहण्यासाठी घरी मुद्रण करणं हा गुन्हा नाही. चार दिशेनं फिरली असती तर नुसतं एक मत. पण यंत्र घराघरांत राहिलं.

आता यंत्र आहे तर कॅसेट कोण विकणार? डिस्नेनं १९८० पासून काही चित्रपट कॅसेटवर आणले होते, पण ठेवणीतले अ‍ॅनिमेशनपट बाजूला ठेवून. शिवाय त्या काळी कॅसेट मुख्यतः व्हिडिओ लायब्ररीसाठी बनत. किंमत ऐंशी डॉलरच्या आसपास. ही किंमत इतकी का? अमेरिकन कायद्याप्रमाणे एकदा विकलेली प्रत विकत घेणारा भाड्यानं देऊ शकतो, स्टुडिओला त्यातलं काही मिळत नाही. लायब्ररीवाला तीच कॅसेट शंभर वेळा भाड्यानं देणार, स्टुडिओला मिळणार एकदाच. म्हणून पहिल्याच वेळी जास्तीत जास्त वसूल करायचं.

आपल्याकडचं चित्र तुम्हाला आठवत असेल. १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर आले, गल्लोगल्ली व्हिडिओ लायब्ररी निघाल्या, आणि चोरट्या कॅसेटींचा इतका सुळसुळाट झाला की १९८४ मध्ये आपल्या कॉपीराइट कायद्यात व्हिडिओसाठी दुरुस्ती करावी लागली. तिकडे काय, इकडे काय, प्रश्न एकच होता : घरातल्या पडद्यावर हक्क कोणाचा?

सप्टेंबर १९८४ मध्ये डिस्नेत नवे कारभारी आले. मायकेल आइसनर हे त्यातले प्रमुख. ते पॅरामाउंटहून आले होते, आणि पॅरामाउंटनं ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ची कॅसेट ४० डॉलरला काढून भरपूर खपवली होती. कमी किमतीला लोक कॅसेट विकत घेऊन घरी ठेवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्या डिसेंबरात ‘रॉबिन हूड’ कॅसेटवर आला. मग प्रश्न आला ‘पिनोकिओ’चा, आणि कंपनीत वाद झाला. जुन्या मंडळींचं म्हणणं चुकीचं नव्हतं : कॅसेट एकदा घरात गेली की सात वर्षांनी थिएटरात कोण येईल? सोन्याची अंडी देणारी कोंबडी कापताय तुम्ही.

जुलै १९८५ मध्ये ‘पिनोकिओ’ कॅसेटवर आला, किंमत ७९.९५ डॉलर. म्हणजे पाऊल टाकलं, पण भीतभीत. लायब्ररीवाल्यांनी घेतला, घरांनी कमी घेतला. मग नाताळच्या तोंडावर किंमत उतरवली २९.९५ वर, आणि खप वाढला. १९८६ मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’ पहिल्यापासूनच त्या किमतीला आला. १९८७ मध्ये ‘लेडी अँड द ट्रॅम्प’च्या जवळपास तीस लाख कॅसेटी गेल्या.

यामागचं कारण अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोधायला नको, ज्यांच्या घरी चार वर्षांचं मूल आहे त्यांना विचारा. मोठा माणूस चित्रपट एकदा बघतो. मूल तोच चित्रपट रोज बघतं, संवाद पाठ होईपर्यंत. रोज भाडं भरण्यापेक्षा विकत घेतलेलं परवडतं. शिवाय आई-बापांना वाटतं की ही वस्तू घरात असावी, पुस्तकासारखी. पांढऱ्या जाड प्लॅस्टिकच्या डब्यात डिस्नेच्या कॅसेटी मिळत, त्या फडताळात मांडून ठेवता येत.

जुनी मंडळी अगदीच चुकली का? नाही. १९९२ मध्ये ‘पिनोकिओ’ पुन्हा थिएटरात लागला, आणि १९९३ मध्ये कॅसेट पुन्हा बाजारात आली. या खेपेला एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. पण थिएटरची ती सात वर्षांची फेरी यानंतर ओसरत गेली. कोंबडी खरंच कापली गेली. तिच्यापेक्षा मोठी कोंबडी मिळाली, एवढंच. डिस्नेनं जुनी युक्ती मात्र सोडली नाही. कॅसेट काही काळ विकायची, मग ‘तिजोरीत’ बंद करायची, काही वर्षांनी पुन्हा काढायची. ‘स्नो व्हाइट’ तर १९९४ पर्यंत कॅसेटवर आणलाच नाही.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. हा सगळा नवा पैसा कोणाकडे गेला? पिनोकिओचा आवाज डिकी जोन्स या अकरा-बारा वर्षांच्या मुलाचा. चित्रपटाच्या नामावलीत आवाज देणाऱ्यांची नावंच नाहीत. १९३८-३९ मधल्या करारात व्हिडिओ कॅसेट हा शब्द असणार कुठून? ठरलेला पैसा मिळाला, विषय संपला. पण गायिका पेगी ली हिनं ‘लेडी अँड द ट्रॅम्प’साठी गाणी लिहिली, गायली, आवाज दिले. आवाजाच्या कामाचे तिला मिळाले होते साडेतीन हजार डॉलर. तिच्या करारात मात्र एक ओळ होती : जनतेला विकण्यासाठी प्रती काढायच्या तर तिची परवानगी हवी. ती ओळ लिहिताना डोळ्यापुढे ध्वनिमुद्रिका होत्या. कॅसेटी लाखांनी खपल्यावर १९८८ मध्ये तिनं खटला भरला. १९९१ मध्ये ज्यूरीनं तिच्या बाजूनं कौल दिला, आणि अखेर तिला वीस लाख डॉलरहून जास्त भरपाई मिळाली.

म्हणजे एका ओळीचा फरक. तेवढ्या ओळीवाचून ‘पिनोकिओ’ची हजारो चित्रं काढणारे, सेलवर शाई फिरवणाऱ्या आणि रंग भरणाऱ्या मुली, आवाज देणारे, हे सगळे १९४० च्या तोट्यात भागीदार होते. बोनस गेला, नोकऱ्या गेल्या. १९८५ च्या नफ्यात त्यांचा वाटा नव्हता. त्यातले बरेच तोवर हयातही नव्हते.

चित्रपट पडला की चालला, हे विचारताना दोन प्रश्न जोडून विचारावेत असं मला वाटतं : कोणत्या सालापर्यंत, आणि कोणाच्या खात्यात? आज चित्रपट कॅसेटवरही राहिले नाहीत, मोबाइलवर दिसतात. आपल्याकडचे तरुण चित्रकार, लेखक, आवाज देणारे कलाकार आज करारांवर सह्या करतायत. पुढच्या चाळीस वर्षांत कोणतं यंत्र येईल हे त्यांनाही माहीत नाही, जसं १९४० मध्ये कोणाला माहीत नव्हतं. पेगी लीलाही नव्हतं. तिनं फक्त सही करण्याआधी करार नीट वाचला होता.

इथंच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.