तिसऱ्या रांगेत कोण बसतं?

परवा रात्री शाळेतल्या एका मित्राचा फोन आला. त्याचं कृषी सेवा केंद्र आहे, यंदा धंदा बरा झालाय. म्हणाला, "तू पेपरवाला माणूस, तुला सगळ्यातलं कळतं. घरात आम्ही सात जण. दोन-तीन वर्षं वापरलेली फॉर्च्युनर घेऊ, नवी सातशे घेऊ, का तेवढ्याच पैशात जुनी ऑडी क्यू सेव्हन घेऊ? किंमत कशात वसूल होते ते सांग."

मित्रांनो, माझ्याकडं मोटारसायकल आहे. पण बावीस वर्षांच्या बातमीदारीत आणि त्याआधीही तीन रांगांच्या गाड्यांत सगळ्यात मागं बसून मी जेवढा फिरलो, तेवढा क्वचितच कुणी फिरला असेल. पत्रकाराची जागा तिथंच असते. त्याला फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितो. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

मराठवाड्यात तीन रांगांची गाडी आली ती घरासाठी नाही, धंद्यासाठी आली. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात ती आपल्याकडची काळीपिवळी. आधी महिंद्राच्या जीपा, मग बजाज टेम्पोची ट्रॅक्स. मागं समोरासमोर दोन बाक, गुडघ्याला गुडघा, मांडीवर पिशवी, पिशवीवर कुणाचं तरी लेकरू. ड्रायव्हर "अजून एक बसतंय" म्हणायचा आणि बसायचंच. त्या काळी गाडीची किंमत काढायचं गणित फार सोपं होतं. एका फेरीत किती तिकिटं? रांग जितकी भरलेली तितकी गाडी किफायतशीर.

1994 मध्ये टाटांची सुमो आली. नाव जपानी पैलवानाचं वाटतं, पण ते टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातलं 'सु' आणि आडनावातलं 'मू' घेऊन केलेलं. दहा माणसांची गाडी, डिझेलवर चालणारी, वर टप. ही पहिली गाडी जिच्यात काळीपिवळीचं गणित आणि घरची इज्जत दोन्ही बसलं. दिवसा भाड्यानं पळायची, लग्नात नवरदेव आणायची, निवडणुकीत कार्यकर्ते वाहायची. गावात सुमो कुणाच्या दारात आहे हे सगळ्यांना पाठ असायचं. मला आठवतं, आम्ही पोरं तिच्या मागच्या आडव्या बाकावर बसायला भांडायचो. तिथं पट्टा नव्हता, डोक्याला आधार नव्हता, आणि गाडी मागून ठोकली तर पहिला मार त्या बाकाला, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही.

मग 2000 साली क्वालिस. ही गाडी मुळात इंडोनेशियातली, तिथं नाव किजांग. टोयोटानं ती भारतात आणली किर्लोस्करांच्या भागीदारीत, बंगळुरूजवळच्या बिडदीला. हे किर्लोस्कर म्हणजे आपलेच. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणरावांच्या चौथ्या पिढीतले विक्रम किर्लोस्कर. नांगरापासून क्वालिसपर्यंत एका घराचा प्रवास, यावर कुणीतरी मराठीत नीट पुस्तक लिहायला हवं. क्वालिस दिसायला डबाच होती. पण ती बंद पडायची नाही. टॅक्सीवाल्यांनी तिला डोक्यावर घेतलं. विक्री चांगली चालू असतानाच कंपनीनं 2005 मध्ये ती थांबवली आणि इनोव्हा आणली. लोक म्हणाले, ह्यांना वेड लागलं. वेड बिड काही नव्हतं. पुढची वीस वर्षं इनोव्हानं भाड्याच्या गाडीतही आणि मंत्र्याच्या ताफ्यातही राज्य केलं.

दरम्यान 2002 मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ निघाली. महिंद्रानं बाहेरून तयार आराखडा न घेता इथंच घडवलेली गाडी, तिथल्या संशोधनाची जबाबदारी अमेरिकेतली नोकरी सोडून आलेल्या पवन गोएंकांकडं होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीनं अभिमानाचीच गोष्ट. पण तालुक्याच्या राजकारणात तिचा अर्थ वेगळा झाला. स्कॉर्पिओ आली आणि गाडीतली माणसं मोजायचं बंद होऊन गाड्या मोजायचं सुरू झालं. "साहेबांच्या मागं किती गाड्या होत्या?" हा प्रश्न आम्ही बातमीदारही विचारायला लागलो, हे कबूल करतो.

आणि 2009 मध्ये फॉर्च्युनर. तेव्हा शोरूमची किंमत साडेअठरा लाखांच्या आसपास. आज कागदपत्रं, विमा धरून चाळीस लाख सहज, वरची घेतली तर पन्नासच्या पुढं. तीन रांगा हिलाही आहेत. पण गेल्या दहा वर्षांत मी फॉर्च्युनरच्या तिसऱ्या रांगेत माणूस किती वेळा पाहिला, हे बोटांवर मोजता येईल. त्या सीटा उचलून दोन्ही बाजूंना टांगून ठेवलेल्या असतात आणि मधे पाण्याचे बॉक्स, हार, शाली आणि बॅनरची गुंडाळी असते. इथं काळीपिवळीचं गणित बरोब्बर उलटं झालं. रांग जितकी रिकामी तितकी गाडी भारी.

आता बघा, या रिकाम्या रांगेचे पैसे कुणी भरले.

ऑक्टोबर 2014 पर्यंत डिझेलचा भाव सरकारच्या हातात होता. कारण सांगितलं जायचं शेतकऱ्याचा पंप, ट्रॅक्टर, मालवाहतूक. त्याच स्वस्त डिझेलवर अडीच टनांच्या गाड्या पळत होत्या. 2010 मध्ये किरीट पारीख समितीनं डिझेल मोटारींवर ऐंशी हजार रुपये जादा कर घ्या असं सुचवलं होतं. ते झालं नाही.

त्याच 2010 मध्ये, ऑक्टोबरात, औरंगाबादेत (आजचं छत्रपती संभाजीनगर) दीडशेच्या आसपास मर्सिडीज एका दमात विकल्या गेल्या. एकूण 65 कोटींचा सौदा. देशभर कौतुक झालं, मराठवाडा मागास कोण म्हणतं म्हणून. मी तेव्हा तिशीत होतो, मलाही छाती फुगल्यासारखं झालं. मग पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त लिहिलं की स्टेट बँकेनं त्यातले चाळीस कोटींहून जास्त कर्जानं दिले, सात टक्क्यांनी. आणि त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरचं कर्ज बारा टक्क्यांच्या आसपास होतं. त्या मर्सिडीज बहुतेक दोन रांगांच्याच, पण आपल्या विषयाशी संबंध आहे. गाडीची खरी किंमत शोरूमच्या पाटीवर नसते, ती घेणारा कोण यावर ठरते. धंद्याच्या नावावर गाडी घेतली की वर्षाला पंधरा टक्के घसारा खर्चात दाखवता येतो, कर वाचतो. शेतीच्या उत्पन्नावर घेणाऱ्याला यातलं काही नाही. एकच गाडी, एकच शोरूम, पण व्यापाऱ्याला स्वस्त आणि बागायतदाराला महाग. समृद्धी महामार्गात जमीन गेली आणि थेट खरेदीत पाचपटीपर्यंत मोबदला आला, तेव्हा जालना-बदनापूर पट्ट्यात कितीतरी दारांत पांढऱ्या गाड्या उभ्या राहिल्या. टोमणा मारायचा नाही. जन्मभर ज्यांनी बाकावर गुडघे आवळून प्रवास केला, त्यांना पुढच्या सीटवर बसावंसं वाटणारच. पण चार एकर गेले आणि त्यातलं एक एकर घसाऱ्यात गेलं, तोही असा घसारा जो कुठंच दाखवता येत नाही.

करांचं सांगायचं तर हसावं का रडावं कळत नाही. 2006 पासून छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली, असं ठरलं. त्यापायी कंपन्या फुटपट्टी घेऊन बसल्या. 2013 च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवर जादा उत्पादन शुल्क लावलं आणि व्याख्येत गाडीची जमिनीपासून उंची 170 मिलिमीटरच्या वर असं घातलं. महिंद्रानं एक्सयूव्ही फाईव्ह हंड्रेड खाली 160 वर आणली. दिल्लीत 2015 च्या शेवटी दोन लिटर आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी सुप्रीम कोर्टानं थांबवली, तर 1.99 लिटरचं इंजिन हजर. कायदा करणाऱ्यापेक्षा फुटपट्टीवाला नेहमी हुशार.

22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटीचे नवे दर आले. मोठ्या एसयूव्हीवर आधी 28 अधिक 22 असे 50 टक्के होते, ते सरसकट 40 झाले. फॉर्च्युनर साडेतीन लाखांपर्यंत उतरली. बातमी आम्हीही छापली. पण एक ओळ राहून गेली. सात माणसांची अर्टिगा, जी बहुतेक मास्तर, तलाठी आणि टॅक्सीवाले घेतात, ती चार मीटरपेक्षा लांब आणि बाराशे सीसीच्या वर, म्हणून तिलाही 40. नव्वद लाखांच्या क्यू सेव्हनलाही 40. पूर्वी थोडा तरी फरक होता, आता तोही नाही. आणि चार मीटरच्या आत बसवलेली बोलेरो मात्र 18 टक्क्यांत, तिच्यात मागची माणसं अजूनही आडवी बसतात. म्हणजे बोलेरोऐवजी अर्टिगात बसायचं असेल तर बावीस टक्के जादा द्या, असाच त्याचा अर्थ झाला. ट्रॅक्टर 12 वरून 5 वर आला हे चांगलं झालं, तेही नोंदवतो.

आता मित्राच्या क्यू सेव्हनबद्दल. ही गाडी कुठल्या परदेशात नाही, आपल्या शेंद्र्याच्या एमआयडीसीत जोडली जाते. स्कोडाची कोडियाकही तिथंच. सुटे भाग आणून इथं जोडले की आयात शुल्क कमी पडतं, पूर्ण बांधलेली आणली तर पूर्वी शंभर टक्क्यांपर्यंत जायचं. जालन्याहून तासाभराच्या अंतरावर जोडलेली गाडी, पण आपल्या तालुक्यात तिचं बॉनेट उघडायची हिंमत असलेला मेस्त्री नाही. पाच-सात वर्षांनी ती निम्म्याहून कमी किमतीत मिळते याचं कारण हेच आहे. हवेवरचं सस्पेन्शन बसलं की दुरुस्तीचा आकडा आपल्या मोटारसायकलीच्या किमतीपुढं जातो. इनोव्हा आणि फॉर्च्युनर विकताना पैसे देतात, कारण त्या कुठल्याही ढाब्याच्या बाजूच्या गॅरेजात उघडतात. आपल्याकडची लक्झरी म्हणजे कातडी सीट नव्हे. पाचोडच्या पुढं रात्री अकराला गाडी बंद न पडणं, ही लक्झरी.

पण मित्रानं विचारलं होतं सात माणसांचं. म्हणून तिसऱ्या रांगेवर येतो.

तीन वर्षांपूर्वी आईला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी संभाजीनगरला न्यायचं होतं. एका नातेवाइकानं मोठ्या मनानं आपली मोठी गाडी दिली, सोबत घरातले सगळे निघाले. मधल्या सीटवर बॅगा आणि लहान पोरं, म्हणून आई मागं. चेसिसवर बांधलेल्या या उंच गाड्यांत मागची जमीन वर असते आणि सीट खाली, त्यामुळं गुडघे छातीशी येतात. जाताना ती काही बोलली नाही. दवाखान्याच्या दारात उतरायची वेळ आली तेव्हा तिला बाहेर पडता येईना. मधली सीट पाडली, तरी पाय उचलेना. शेवटी मी आणि भावानं मागचा दरवाजा उघडून, सामान काढून, तिला तिकडून उतरवलं. वॉचमन बघत होता. आई फक्त एवढंच म्हणाली, "ट्रॅक्सला पायरी तरी होती रे."

त्या दिवशी पट्टाही तिनं लावला नव्हता. मी सांगितलंच नव्हतं. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला. ती तर दोन रांगांची, जगातल्या नावाजलेल्या सुरक्षित गाड्यांपैकी. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता असं पोलिसांनी सांगितलं. ती बातमी मी स्वतः पानावर लावली होती, आणि तरीही आईला सांगायचं सुचलं नाही. स्कॉर्पिओला 2016 च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत एअरबॅग नसलेल्या मॉडेलसाठी शून्य तारे मिळाले होते. 2022 मध्ये स्कॉर्पिओ-एनला पाच. त्याआधी 2021 मध्ये सातशेलाही पाच. कारखान्यांनी सहा वर्षांत एवढी मजल मारली. आपण मात्र अजून मागच्या पट्ट्याची टोकं सीटच्या फटीत खुपसून ठेवतो, टोचतात म्हणून.

म्हणून मित्राला सांगितलं ते असं. क्यू सेव्हन डोक्यातून काढ. फॉर्च्युनर घ्यायची तर विकताना पैसे येतील म्हणून घे, सात माणसं बसतील म्हणून नको. सातशे चालवायला आणि सुरक्षेला चांगली, पण मागं पोरंच बसतील. सगळी सात मोठी माणसं खरोखर न्यायची असतील तर इनोव्हा हायक्रॉसची तिसरी रांग बघ, ती चेसिसवर नाही, जमीन खाली आहे. आणि वर्षातून चारदा सगळे निघत असाल तर अर्टिगा घेऊन उरलेले पैसे दुकानात घाल. राज्याचा रस्ता कर विसरू नको, वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला पंधरा टक्के जातात.

तो म्हणाला, "अर्टिगा घेतली तर लोक काय म्हणतील? उधारी वसूल करायला जायचं असतं मला." यात त्याचं चूक नाही. फॉर्च्युनरमधून उतरणाऱ्या माणसाला उधारी लवकर मिळते, हे मीही पाहिलंय.

मी म्हणालो, टेस्ट ड्राइव्हला जाताना काकूंना घेऊन जा, आणि शोरूमवाल्याला सांग, आधी त्यांना तिसऱ्या रांगेत बसव. रविवारी जाणार आहेत. काकूंनी विचारलंय, पायरी आहे का.