जीप व डोंगरी मोटारवाहने, अकोले तालुक्यातील

कच्च्या, चढउताराच्या व चिखलाच्या वाटांवर चालू शकणारे, उंच बांधणीचे आणि बहुधा चारही चाकांना एंजिनाची शक्ती पोहोचविण्याची सोय असलेले हलके मोटारवाहन म्हणजे जीप होय. मूळच्या लष्करी उपयोगाचे हे वाहन महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात प्रथम सरकारी कामासाठी आले. पुढे ते उतारू वाहू लागले आणि अलीकडे डोंगरभटकंती व रानातील मुक्काम यांसाठी लोक ते हौसेने विकत घेतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या अकोले तालुक्यात या तिन्ही अवस्था एकामागून एक आलेल्या दिसतात. थोडक्या पैशांत डोंगरात चालणारे वाहन कोणते, या प्रश्नाचे उत्तर येथे कारखान्यांच्या जाहिरातींपेक्षा जमीन, इंधन आणि दुरुस्तीची सोय यांनीच अधिक ठरविले आहे.

तालुक्याचा पूर्व भाग प्रवरेच्या खोऱ्यातील, तुलनेने सपाट व कमी पावसाचा आहे. पश्चिमेकडील भागाला डांगाण म्हणतात. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.), रतनगड व हरिश्चंद्रगड हे याच भागात येतात. उघड्या काळ्या कातळाचे सडे, उतारावरील भाताची खाचरे, पावसाळ्यात अचानक भरणारे ओढे आणि लाल मातीचा निसरडा थर अशी येथील जमीन आहे. या जमिनीवरचे जुने वाहन म्हणजे डांगी बैलाची जोडी. अतिवृष्टीत टिकून राहणारा व टणक खुरांचा हा गोवंश खाचरात नांगराला आणि वाटेवर गाडीला सारखाच चालतो. राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन दरवर्षी भरते. भंडारदरा येथील धरण १९१० ते १९२६ या काळात बांधले गेले. त्यामुळे शेंडीपर्यंत रस्ता आला. तथापि जलाशयापलीकडील घाटघर, साम्रद, रतनवाडी ही गावे त्यानंतरही दीर्घकाळ पायवाटांवरच अवलंबून राहिली. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे-अहमदनगर या मार्गावर धावली. परंतु त्याच जिल्ह्याच्या डांगाणात मोटारीला चालण्याजोगी वाट सर्वत्र होण्यास आणखी काही दशके जावी लागली.

जीपचा उगम दुसऱ्या महायुद्धातील आहे. अमेरिकन सैन्याने जुलै १९४० मध्ये हलक्या टेहळणी गाडीची मागणी नोंदविली. तीनुसार बँटम कंपनीने पहिला नमुना त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सादर केला. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन मात्र विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी केले व युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. ‘जीप’ या नावाच्या व्युत्पत्तीविषयी एकमत नाही. विलीज गाडीची लांबी सु. ३३५ सेंमी., रुंदी सु. १५७ सेंमी., पुढच्या व मागच्या आसांमधील अंतर सु. २०३ सेंमी. आणि वजन सु. १,१०० किग्रॅ. होते. सु. २,२०० घ. सेंमी. क्षमतेच्या पेट्रोल एंजिनापासून ६० अश्वशक्ती मिळे. हे आकडे येथे मुद्दाम दिले आहेत. या वाहनाचे सामर्थ्य मोठ्या एंजिनात नसून आखूडपणात व हलकेपणात होते. आखूड गाडीचे पोट उंचवट्याला टेकत नाही व हलकी गाडी चिखलात कमी रुतते. शिवाय नेहमीच्या गिअरपेटीला जोडलेल्या दुसऱ्या लहान पेटीमुळे चाकांचा वेग आणखी कमी व त्यांची ओढ तेवढ्याच प्रमाणात अधिक करता येई.

मुंबई येथे ऑक्टोबर १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी ‘महिंद्र अँड मोहंमद’ ही कंपनी स्थापन झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहंमद पाकिस्तानात गेले व १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. माझगाव येथे विलीज जीपच्या सुट्या भागांची जुळणी करण्यापासून कंपनीने वाहनव्यवसायास प्रारंभ केला व पुढे देशी बनावटीचे प्रमाण वाढवीत नेले. अमेरिकेत १९५३ मध्ये निघालेला ‘सीजे-३बी’ हा उंच नाकाचा नमुना तेथे १९६८ मध्ये बंद झाला. भारतात मात्र त्याच धाटणीच्या गाड्या त्यानंतरही अनेक वर्षे निघत राहिल्या. जुन्या जीपचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळत, याचे कारण ही दीर्घ अखंडता होय. जुन्या जीपच्या खरेदीचा देशातील सर्वांत गाजलेला व्यवहार मात्र सरकारनेच केला. १९४८ मध्ये सैन्यासाठी परदेशातून घेतलेल्या वापरलेल्या जीपगाड्यांपैकी ज्या १५५ भारतात पोहोचल्या, त्या कामास अयोग्य ठरल्या व ‘जीप प्रकरण’ संसदेत गाजले. गाडी न पाहता केलेल्या खरेदीचा हा नमुना म्हणता येईल.

ग्रामीण महाराष्ट्राला जीपची ओळख झाली ती सामूहिक विकास योजनेमुळे (१९५२) आणि १९६२ मध्ये अस्तित्वात आलेल्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांमुळे. गटविकास अधिकाऱ्याची जीप हे त्या काळी शासनाचे दृश्य रूपच होते. लसीकरण, निवडणुकीच्या मतपेट्या, वनखात्याची गस्त ही कामे तिच्यावर चालत. खाजगी माणसाला ती परवडत नसे. किंमत हे त्याचे एक कारण, पेट्रोलचा खप हे दुसरे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले, तेव्हा या दुसऱ्या कारणाला अधिक वजन आले. कारखान्याने ट्रॅक्टरचे डीझेल एंजिन जीपला बसविले आणि गावोगावच्या कारागिरांनीही जुन्या पेट्रोल गाड्यांमध्ये डीझेल एंजिने चढविली. खर्चाचा प्रश्न यामुळे सुटला. पण नाक जड झालेली गाडी खाचरातील चिखलात पुढून रुतू लागली. १९८० च्या दशकात प्यूझो कंपनीच्या परवान्याने तयार होणारे सु. २,१०० घ. सेंमी. क्षमतेचे हलके डीझेल एंजिन आले. ते ज्या इगतपुरी येथील कारखान्यात बनू लागले, तो कळसूबाईच्या रांगेपासून फार दूर नाही.

डांगाणात जीप लोकांची झाली ती उतारू वाहतुकीमुळे. १९७२ च्या दुष्काळातील कामे व त्यानंतरची रोजगार हमी योजना यांतून कच्चे रस्ते तयार झाले होते. त्यांवर एस. टी. दिवसातून एखाददुसरी फेरी करी, पावसाळ्यात तीही बंद पडे. ही उणीव लांब बांध्याच्या जीपनी आणि पुण्याच्या बजाज टेंपो (२००५ पासून फोर्स मोटर्स) कंपनीच्या ‘ट्रॅक्स’ गाडीने भरून काढली. महिंद्र कंपनीची ‘कमांडर’ १९९० च्या दशकात याच कामासाठी खपली. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला वडाप म्हणतात, तीच ही वाहतूक. रंगावरून तिला काळी-पिवळी असेही नाव पडले. आत दहा जणांची सोय, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक माणसे आणि टपावर भाताची पोती, कोंबड्या, सायकली असा तिचा थाट असे. यांपैकी बहुतेक गाड्यांची केवळ मागची दोन चाके चालती होती, ही बाब आजच्या हौशी ग्राहकाने लक्षात घेण्याजोगी आहे. उंच पोट, मजबूत पाटे, कमी वेगातही ओढणारे डीझेल एंजिन आणि वाटेचा खडा न्‌ खडा माहीत असलेला चालक एवढ्यावर डांगाणातील वाहतूक अनेक वर्षे चालली.

चारही चाके चालती असणे उपयुक्त खरे, परंतु त्याची मर्यादा फारशी सांगितली जात नाही. आसाच्या मध्यभागी असणारी डिफरन्शियल ही दंतचक्रयोजना वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. तिच्यामुळेच एक चाक अधांतरी वा चिखलात फिरू लागले की शक्ती त्याच बाजूला निघून जाते व घट्ट जमिनीवरचे चाक स्वस्थ राहते. कातळाच्या पायरीवर गाडी तिरपी चढली असता पुढचे एक व मागचे विरुद्ध बाजूचे एक अशी दोन चाके उचलली जातात आणि चार चाकांची गाडीही जागच्या जागी थांबते. डिफरन्शियल जखडण्याची सोय ‘गुरखा’सारख्या काही गाड्यांत असते, जुन्या स्वस्त जीपमध्ये ती नव्हती.

हौशी वापराला योग्य अशी स्वस्त गाडी म्हणून १९८५ मध्ये आलेल्या मारुती ‘जिप्सी’चे नाव प्रथम घ्यावे लागते. सु. एक टन वजन व एक लिटरहून किंचित लहान पेट्रोल एंजिन (१९९६ पासून १.३ लिटर) हे तिचे बळ. डोंगरातील चिखलात तिने अनेक भारी गाड्यांना मागे टाकले आहे. मात्र पेट्रोलच्या खपामुळे ती उतारू वाहतुकीत कधीच आली नाही. सामान्य ग्राहकांसाठीचे तिचे उत्पादन २०१९ च्या सुमारास थांबले. २०१० मध्ये आलेली महिंद्र ‘थार’ ही जुन्या जीपची थेट वारस होती. २०२० मधील तिची नवी आवृत्ती सुखसोयींच्या दृष्टीने वेगळ्याच वर्गातील व किमतीनेही तशीच आहे. त्यामुळे बेताच्या खर्चात गाडी शोधणारा आजही वापरलेली जिप्सी, पहिल्या पिढीची थार किंवा जुनी जीप यांकडे वळतो. दोन चाकांवर चालणारी ‘बोलेरो’ (२०००) घेणाराही डांगाणातील बहुतेक गावांपर्यंत बिनधोक पोहोचतो, व प्रस्तुत लेखकाच्या मते कुटुंबासह तंबू घेऊन निघणाऱ्यास तीच अधिक सोयीची.

वापरलेली गाडी पाहताना रंग व टायर यांपेक्षा सांगाडा महत्त्वाचा. अतिवृष्टीच्या प्रदेशात वापरलेल्या गाडीचा सांगाडा आतून गंजतो व जोड वेल्डिंगने झाकलेले असतात. दुसरी तपासणी कागदपत्रांची. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून नव्याने करावी लागते. मोटारवाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलांत मनमानी बदल करता येत नाहीत व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही तरतूद कठोरपणे लावली. त्यामुळे एके काळी गावठी कारागिरीचे कौतुक ठरलेली, एंजिन बदललेली जीप आज स्वस्तात मिळाली तरी नोंदणीच्या वेळी अडते.

पंतप्रधान ग्रामसडक योजनेनंतर (२०००) आणि घाटघर येथील २५० मेगॅवॉट क्षमतेच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाच्या उभारणीमुळे भंडारदरा जलाशयाभोवतीची गावे पक्क्या रस्त्याने जोडली गेली. मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे अशी जलाशयाची प्रदक्षिणा आज साधी मोटारही करते. डांगाणातील रहिवाशाला आडवाटेची गाडी लागण्याचे कारण अशा रीतीने बव्हंशी संपले आणि नेमक्या त्याच सुमारास मुंबई, पुणे, नाशिककडील पर्यटक रस्ता सोडून गाडी चालविण्यासाठी येथे येऊ लागला. सांदण दरीच्या तोंडाशी व जलाशयाच्या काठी तंबूंचे मुक्काम उभे राहिले. ते चालविणाऱ्या स्थानिक कुटुंबांना भातशेतीपलीकडचे उत्पन्न मिळाले.

या भूभागाचा मोठा हिस्सा १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते आणि वनाला धोका पोहोचेल अशा रीतीने आग पेटविण्यास मनाई आहे. स्वतःचे घर वा जमीन असलेले रहिवासी व सार्वजनिक रस्त्याने जाणारे यांना प्रवेशाच्या परवानगीतून सूट आहे. रस्ता सोडून सड्यावर उतरणाऱ्या पर्यटकाला ती लागू होत नाही. सड्यावरील मातीचा थर काही ठिकाणी बोटभरही नसतो. पावसाळ्यात उगवणाऱ्या अल्पायुषी वनस्पती त्यातच रुजतात. चाकांनी हा थर एकदा चिरला की पुढच्या पावसाचे पाणी त्याच चाकोरीतून वाहून तिची घळ करते. खाचराचा बांध फुटल्यास नुकसान तत्काळ होते, कारण वरच्या खाचरातील पाणी खालच्या खाचरांतील रोपे घेऊन जाते. मेअखेर ते जूनच्या पूर्वार्धात काजवे पाहण्यासाठी येणाऱ्या गाड्यांच्या दिव्यांचा प्रश्न याहून निराळा आहे. काजव्यांचे लुकलुकणे हा नरमादीतील संकेत असून प्रखर प्रकाशात तो हरवतो. म्हणून या हंगामात रात्रीच्या वाहनप्रवेशावर वन विभागाने निर्बंध घातलेले आहेत. गाडी गावात उभी करून, स्थानिक वाटाड्यासह पायी जाण्याची पद्धत काही गावांनी स्वीकारली आहे.