दिव्याचा परतीचा रस्ता
वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यापासून वेगळा झाला. पण इथल्या रिक्षा-ट्रॅक्टरचे दिवे जुळवणारा वायरिंगवाला त्याहून जुना. त्याला मेकॅनिकचा हाताखालचा माणूस समजणे चूक आहे. मोटारींवर कार्बाइडचे दिवे होते तोवर ही विद्या लागतच नव्हती. 1912 च्या कॅडिलॅकने विजेचे दिवे आणि स्टार्टर एकत्र आणले, आणि पुढे परतीच्या वायरीचे काम गाडीच्या सांगाड्याकडेच गेले. हीच या धंद्याची खरी गोम. बल्ब, फ्यूज शाबूत असूनही दिवा मंद जळतो, तेव्हा दोष बहुधा गंजलेल्या अर्थिंगमध्ये, म्हणजे सांगाड्याशी केलेल्या जोडणीत असतो. 12 व्होल्ट, 55 वॅटच्या बल्बच्या वाटेत अर्धा ओहम अडथळा आला, की जवळजवळ दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि उजेड निम्म्यावर येतो. टेस्ट लॅम्प हातात धरून ही गळती हुडकणे म्हणजे तर्कशास्त्रच.

एलईडी आले, आता नुसता दिवा बदलायचा, असे कुणी म्हणेल. पण नव्या दिव्यालाही परतीची वाट लागतेच. डिसेंबर 2022 पासून कारंजा-मालेगावकडून समृद्धी महामार्ग वाहतो आहे. त्याला छेदणाऱ्या गावरस्त्यांवर मात्र रात्री बैलगाडी दिसते ती वायरिंगवाल्याने जुळवलेल्या याच दिव्यांत.