स्नोच्या डबीपासून उन्हाच्या क्रीमपर्यंत

लोह्याहून आम्ही बचत गटाच्या बाया बोलतोय.

मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एका मावशींनी पिशवीतून डबी काढली. गालावर वांगाचे डाग आलेत म्हणून आणलेली. "आठ दिवसांत गोरं करते म्हणाला," असं त्या म्हणाल्या. डबीवर ना कारखान्याचा पत्ता, ना आत काय आहे ते. डबी सगळ्यांच्या हातून फिरली आणि आम्हाला प्रश्न पडला, ऊन अडवणं आणि गोरं होणं आपल्या डोक्यात एक कधी झालं?

आपल्या आज्या कापूस वेचायला जाताना पदर कपाळावर ओढायच्या. हळद-चंदनाचा लेप सणावाराला, लग्नाला. त्यानं ऊन अडत नाही. पदरानं अडायचं.

मग डब्या आल्या. मुंबईच्या इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ साली 'अफगाण स्नो' काढला. माळेगावच्या यात्रेत बांगड्यांच्या दुकानाशेजारी स्नो-पावडर मांडलेली आम्हीही लहानपणी पाहिली. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली. तिच्यात ऊन अडवणारे घटकही होते, पण जाहिरात झाली गोरेपणाची. लोकांनी टीका केल्यावर २०२० साली नावातला 'फेअर' गेला. आपल्या मनातून मात्र तो गेला नाही.

ऊन अडवणाऱ्या क्रीमचा इतिहास वेगळा आहे. ऑस्ट्रियाचे फ्रान्झ ग्रायटर यांचं अंग बर्फाच्या डोंगरावर चढताना उन्हानं भाजलं. त्यांनी १९४६च्या सुमारास अशी क्रीम बनवली. डबीवरचा 'एसपीएफ' आकडा रूढ करण्यातही त्यांचं नाव घेतात. या आकड्याचा रंगाशी संबंध नाही. कातडी लाल करून भाजणारे किरण किती अडतात, ते तो सांगतो. १५ आकड्याची क्रीम सुमारे ९३ टक्के किरण अडवते, ३० ची ९७ आणि ५० ची ९८. म्हणजे ५० घेतली म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही. दुसरे किरण खोलवर जाऊन डाग आणि सुरकुत्या वाढवतात. त्यांच्यासाठी 'पीए' लिहून पुढे अधिकची चिन्हं असतात. चिन्हं जास्त, तितका बचाव जास्त.

हे आकडे भरपूर क्रीम लावून तपासलेले असतात. आपण टिकलीएवढी लावली तर तेवढा बचाव मिळत नाही. दोन बोटांवर दोन रेघा काढा, तेवढी चेहऱ्याला आणि मानेला. उन्हात असाल तर दर दोन तासांनी, आणि घाम पुसल्यावर पुन्हा.

आता घटक. झिंक ऑक्साइड म्हणजे जस्तापासून केलेली पांढरी भुकटी. नाजूक कातडीला ती सहसा सोसते, पण सावळ्या चेहऱ्यावर पांढरट दिसते. तेलकट चेहऱ्याला जेल बरं, कोरड्याला घट्ट क्रीम. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेली, कातडीच्या रंगाची क्रीम जास्त उपयोगी, कारण नुसत्या उजेडानंही वांग गडद होतो. कोणतीही नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून बघा. खाज आली तर ती आपली नव्हे.

बिनपत्त्याच्या डबीची भीती खरी आहे. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एकाच घरातल्या तिघी मायलेकींच्या मूत्रपिंडाला इजा झाली. त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. पारा रंग उजळवतो आणि शरीरात भिनतो. स्टिरॉइडची मलमंही तशीच फसवी. आधी चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते. २०१८ साली सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली.

मावशींनी डबी लावणं बंद केलं आणि त्या कातडीच्या डॉक्टरांकडे गेल्या. आम्ही गटाच्या वहीत पाच प्रश्न लिहून ठेवले: पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का? घटक लिहिलेत का? मुदत कधी संपते? एसपीएफ ३० च्या पुढे आणि पीए आहे का? आपल्या कातडीला सोसते का?

पैसे नसतील तर जीव टांगणीला लावू नका. शेतात लांब बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल, डोक्यावर पदर किंवा टोपी आणि दुपारी सावली, एवढ्यानं बराच बचाव होतो. क्रीम उघड्या राहिलेल्या जागेसाठी. आणि सावळा रंग हा काही आजार नाही, त्यावर औषध शोधायचं कारण नाही.

तुमच्या घरातली डबी पुढच्या बैठकीला घेऊन या. सगळ्या मिळून वाचू.