क्यू धरणारे आणि क्यू धरायला शिकवणारे

१/ पूलच्या टेबलावर लीलया चेंडू खिशात धाडणारा खेळाडू बिलियर्ड्सचा उत्तम प्रशिक्षक ठरेल का? प्रश्न क्लबातल्या गप्पांचा वाटतो. पण खेळणे आणि शिकवणे ही एकच विद्या की दोन, हा त्यामागचा वाद फार जुना आहे. त्याचा मागोवा घेणारा हा थ्रेड.

२/ कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकात गणदास आणि हरदत्त हे दोन नाट्याचार्य श्रेष्ठत्वावरून भांडत अग्निमित्र राजापुढे येतात. निवाड्याची रीत ठरते ती अशी : आचार्यांचे नव्हे, त्यांच्या शिष्यांचे प्रयोग पाहायचे. ही कसोटी मनात ठेवून बिलियर्ड्सकडे वळू.

३/ आधी दोन खेळांतला भेद. पूलमध्ये पांढरा चेंडू खिशात गेला की चूक. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये मात्र आपला चेंडू दुसऱ्या चेंडूला लागून खिशात गेला, तर गुण मिळतात : लाल चेंडूवरून ३, प्रतिस्पर्ध्याच्या चेंडूवरून २. हा ‘इन-ऑफ’. एकाच फटक्यात दोन्ही चेंडूंना स्पर्श झाला तर ‘कॅनन’, त्याचे २. पूलपटूने वर्षानुवर्षे जे टाळले, तेच येथे कमाईचे साधन! स्थिर हात आणि सरळ फटका उपयोगी पडतो. विचार मात्र नव्याने शिकावा लागतो.

४/ मग त्याच खेळाचा सम्राट तरी आदर्श शिक्षक असतो का? इंग्लंडच्या जो डेव्हिस यांचे उदाहरण पाहू. बिलियर्ड्सची ४ जागतिक विजेतेपदे, शिवाय १९२७ ते १९४६ या काळात स्नूकरची १५. आपले तंत्र त्यांनी पुस्तकरूपाने मांडले आणि अनेकांनी ते प्रमाण मानले.

५/ पण एक गोष्ट होती. जो उजव्या हाताने खेळत. त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी मात्र अतिशय अधू होती. म्हणून त्यांची क्यू हनुवटीच्या मध्याखालून नव्हे, तर डाव्या डोळ्याखालून सरकत असे. ही त्यांच्या शरीराची गरज होती, खेळाचा नियम नव्हे. दोन्ही डोळे धड असलेल्या शिष्याने तीच मान, तोच कोन उचलला, तर त्याने विद्या नव्हे, व्यंगावरचा उपाय उचलला म्हणायचे.

६/ याच जो डेव्हिस यांच्या ‘हाऊ आय प्ले स्नूकर’ या पुस्तकाचा सर्वांत गाजलेला वाचक लंडनच्या प्लमस्टेड भागात होता. बिल डेव्हिस हे जो यांचे नातलग नव्हेत. कामगारांच्या क्लबात हौसेने खेळणारे गृहस्थ. पुस्तक समोर ठेवून त्यांनी आपल्या मुलाला घडवले. तो मुलगा, स्टीव्ह डेव्हिस, १९८१ ते १९८९ या काळात ६ वेळा विश्वविजेता झाला. ज्ञान सम्राटाचे, पण मुलाच्या हालचालीकडे रोज पाहणारी नजर एका सामान्य खेळाडूची.

७/ दुसरे नाव फ्रँक कॅलन यांचे. फ्लीटवूड या बंदरगावातले मासळीचे व्यापारी. विश्वविजेते कधीच नव्हते, तरी स्टीव्ह डेव्हिस आणि स्टीफन हेंड्री यांच्यासारखे विश्वविजेते त्यांच्याकडे सल्ल्याला गेले. उतरणीला लागलेले डग माउंटजॉय त्यांच्याकडे शिकले आणि १९८८ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, हेंड्रींना १६-१२ असे हरवून यूके चॅम्पियनशिप जिंकले.

८/ असे का होते? सरावाने हालचाल अंगवळणी पडते, तशी ती जाणिवेतून निसटते. निष्णात खेळाडूला फटका ‘जमतो’. कसा जमतो हे सांगताना तो अडखळतो. पुन्हा, खेळाडूची नजर चेंडूवर असते, तर प्रशिक्षकाची शिष्याच्या कोपरावर, खांद्यावर, पावलांवर. या नजरेचा सराव वेगळाच.

९/ मात्र ‘मोठा खेळाडू शिकवू शकत नाही’ असा उलटा नियमही काढू नये. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स पाहा. १९५८ मध्ये कोलकात्यात आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये ते बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले. राष्ट्रीय विजेतेपदे १२. पुढे प्रशिक्षणात उतरले आणि १९९६ मध्ये द्रोणाचार्य पुरस्काराचे मानकरी ठरले. तीन वेळचे हौशी विश्वविजेते मायकेल फरेरा यांनाही हा पुरस्कार लाभला.

१०/ आणि अरविंद सवूर? स्नूकरचे राष्ट्रीय विजेते, पण विश्वविजेतेपद नावावर नाही. त्यांच्या तालमीत बंगळूरुला घडलेल्या पंकज अडवाणी यांनी मात्र बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून विसाहून अधिक जागतिक विजेतेपदे पटकावली.

११/ तात्पर्य, कौशल्य ही प्रशिक्षकाची शिदोरी आहे, सनद नव्हे. कोणता फटका केव्हा खेळावा, दडपणात मन कसे आवरावे, हे कसलेलाच खेळाडू उत्तम सांगेल. पण माझ्या खेळातले माझ्या देहाचे किती आणि खेळाचे किती, हे ज्याला वेगळे करता येते, तोच शिक्षक.

१२/ इतिहासाच्या अभ्यासकाने आणखी एक ध्यानात घ्यावे. विजेत्यांच्या यादीत खेळाडूंची नावे असतात. त्यांना घडवणारे बिल डेव्हिस, फ्रँक कॅलन त्या यादीत सापडत नाहीत. त्यांना शोधायचे तर शिष्यांच्या खेळातच शोधावे लागते. क्यू हाती घेणाऱ्या नवशिक्यानेही प्रशिक्षकाला ‘तुमचा सर्वोच्च ब्रेक किती?’ एवढेच विचारून थांबू नये. ‘तुमचे शिष्य आले तेव्हा कोठे होते आणि आज कोठे आहेत?’ हे विचारावे. गणदास-हरदत्तांचा निवाडा याच प्रश्नावर झाला होता.