टॉमी डग्लस आणि सस्कॅचेवानची आरोग्यव्यवस्था

कॅनडाच्या १८६७ च्या घटनात्मक कायद्याने रुग्णालयांचा कारभार प्रांतांकडे, म्हणजे भारतातील राज्यांसारख्या घटकांकडे, सोपवला असल्यामुळे तेथील सार्वजनिक आरोग्यसेवेची पायाभरणी राजधानी ओटावात न होता गव्हाच्या शेतीवर जगणाऱ्या, विरळ वस्तीच्या सस्कॅचेवान प्रांतात झाली. १९४४ ते १९६१ या काळात या प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, असलेले टॉमी डग्लस या व्यवस्थेचे जनक मानले जातात, आणि तो मान रास्त आहे. परंतु त्यांच्या वक्तृत्वाचा जितका गौरव होतो तितका त्यांच्या सबुरीचा होत नाही, ही उणीव भरून काढली पाहिजे.

१९०४ मध्ये स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथे जन्मलेले डग्लस बालपणीच कुटुंबासह कॅनडातील विनिपेगला आले. गुडघ्याच्या हाडाला झालेल्या जंतुसंसर्गामुळे त्यांचा पाय कापण्याची वेळ आली होती, आणि तज्ज्ञाचा खर्च घरच्यांच्या आवाक्याबाहेरचा होता; विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या निमित्ताने एका शल्यविशारदाने विनामूल्य शस्त्रक्रिया केली, म्हणून पाय वाचला. गरिबाचा उपचार अशा योगायोगावर सोडता कामा नये, ही त्यांची धारणा पुढे कायम राहिली. १९३० मध्ये ते सस्कॅचेवानमधील वेबर्न येथे बॅप्टिस्ट पंथाचे धर्मोपदेशक झाले, तेव्हा महामंदी आणि अवर्षण यांनी शेतकरी नागवला जात होता. शेतकरी, कामगार व समाजवादी यांच्या सीसीएफ या नव्या पक्षातर्फे ते १९३४ मध्ये प्रांतिक निवडणूक हरले, मात्र पुढच्याच वर्षी संघीय संसदेत पोहोचले. १९३३ च्या आपल्या प्रबंधात त्यांनी सुप्रजननवादाचा, म्हणजे 'अयोग्य' ठरवलेल्यांची संतती रोखण्याच्या विचाराचा, पुरस्कार केला होता. सत्तेवर आल्यावर त्यांनी तो अमलात आणला नाही, तरी चरित्रातील हा डाग झाकण्याचे कारण नाही.

जून १९४४ मध्ये ५२ पैकी ४७ जागा जिंकल्यावर डग्लस यांनी आरोग्य खाते स्वतःकडे ठेवले आणि तिजोरी क्लॅरेन्स फाइन्स यांच्याकडे सोपवली. सर्वांना सर्व उपचार एकदम देण्याची घाई त्यांनी केली नाही. आधी निवृत्तिवेतनधारकांना मोफत उपचार मिळाले. नंतर १ जानेवारी १९४७ पासून रुग्णालय विमा लागू झाला, ज्यात माणशी वर्षाला ५ डॉलर, पण कुटुंबामागे कमाल ३० डॉलर भरले की रुग्णालयातील उपचारांचा खर्च योजनेतून भागत असे. यासाठी लोकांची मनोभूमी आधीच तयार होती: करातून डॉक्टराला पगार देऊन त्याला गावात ठेवण्याची 'म्युनिसिपल डॉक्टर' पद्धत या प्रांतात पहिल्या महायुद्धाच्या काळापासून रुजलेली होती. डग्लस यांचे कर्तृत्व असे की गावाची ही सवय त्यांनी प्रांताच्या हक्कात बदलली, आणि तीही कर्ज कमी करत, अंदाजपत्रक शिलकीत ठेवत.

डॉक्टरांच्या सेवेचा विमा त्यांनी १९५९ मध्ये, म्हणजे रुग्णालय विम्यासाठी संघीय अनुदान मिळू लागल्यानंतर जाहीर केला. कायदा नोव्हेंबर १९६१ मध्ये संमत झाला आणि त्याच महिन्यात, न्यू डेमोक्रॅटिक पार्टी या नव्या राष्ट्रीय पक्षाची धुरा वाहण्यासाठी, डग्लस यांनी पद सोडले. विरोधाचा भडका इतका मोठा होता की जून १९६२ च्या संघीय निवडणुकीत ते सस्कॅचेवानमधील रेजायना येथे पराभूत झाले. १ जुलै रोजी योजना सुरू होताच बहुसंख्य डॉक्टरांनी काम थांबवले, आणि २३ दिवसांचा तो संप डग्लस यांचे उत्तराधिकारी वुड्रो लॉइड यांना निभवावा लागला; डॉक्टरांना काही सवलती देऊन, सार्वत्रिक विम्याचे तत्त्व मात्र न सोडता, समझोता झाला. १९६४ मध्ये लिबरल पक्षाने लॉइड यांचा पराभव केला, तरी नव्या सरकारने योजना मोडली नाही. १९६६ मध्ये तर संघीय संसदेने सर्व प्रांतांसाठी तिच्याच धर्तीवर कायदा केला.