स्विचिंग परिवर्तकातील विद्युत्‌चुंबकीय व्यत्यय
मोबाइलचा चार्जर, एलईडी दिव्याचा ड्रायव्हर, संगणकाचा वीजपुरवठा यांतील परिवर्तकात मॉसफेट हा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो ते लाखो वेळा चालू-बंद होतो. त्यामुळे वीज कमी वाया जाते. पण प्रवाह व विद्युत्‌दाब यांच्या तीव्र बदलांतून उच्च कंप्रतेचा गोंगाट निर्माण होतो. मध्यमलहरी रेडिओवरची खरखर हे त्याचे ओळखीचे रूप. सिस्पर ३२ हे आंतरराष्ट्रीय मानक वीजतारांतून पसरणाऱ्या व्यत्ययावर १५० किलोहर्ट्‌झ ते ३० मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात मर्यादा घालते. त्यापुढे प्रारित व्यत्यय मोजतात.

उगमापाशी केलेला उपाय सर्वांत स्वस्त पडतो. विद्युत्‌दाब कमी करणाऱ्या बक परिवर्तकात आदान कपॅसिटर व दोन स्विच यांच्या वेढ्यातून तुटक प्रवाह वाहतो. वेढ्याचे प्रवर्तकत्व केवळ १० नॅनोहेन्री असले आणि प्रवाह नॅनोसेकंदाला १ अँपिअर या वेगाने बदलला, तरी १० व्होल्टचा झटका उमटतो. म्हणून सिरॅमिक कपॅसिटर स्विचला अगदी खेटून बसवावा आणि लगतच्या थरात तांब्याचे अखंड भूप्रतल ठेवावे. इथली चूक नंतर कितीही फिल्टर लावले तरी पुरती भरून निघत नाही.

गेटचा रोधक वाढवला की स्विचिंग मंदावते व गोंगाट घटतो, पण मॉसफेट अधिक तापतो. हीट सिंकमार्गे जमिनीकडे निसटणारा प्रवाह कॉमन मोड चोक अडवतो, तर वीजतार व जमीन यांच्यात जोडलेला वाय कपॅसिटर त्याला जवळून परतीची वाट देतो. या कपॅसिटरचे मूल्य मात्र गळती प्रवाहाच्या सुरक्षा-मर्यादेत राखावे लागते. आदान फिल्टरचा संरोध जास्त झाल्यास परिवर्तकच अस्थिर होऊ शकतो, हे आर. डी. मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये दाखवले.